खाडीचे प्राणी आणि उचकटलेली तोंडं: एका पपेट ऑर्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऐरोलीत राहणाऱ्या एका ताईंचं हे प्रकरण आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही, ओळखू येतील अशा एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात, बाकी घडलं तसं आहे. माझा संबंध एवढाच की मी ठाण्यात हौशी नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगना ड्रेपरी पुरवतो आणि ताई माझ्याकडे कित्येक वर्षं पीसवर शिवायच्या, मावळ्यांचे अंगरखे, परीचे पंख, झाडाचं खोड, जे येईल ते. हात अतिशय साफ. लॉकडाऊनमध्ये नाटकं बंद, मलाच काम नाही तर त्यांना कुठून देणार, तेव्हा घरात पडलेल्या फोमच्या तुकड्यांतून त्यांनी पुतण्यासाठी एक उंदीर केला, तोंड उघडमीट करणारा, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. जो बघेल तो म्हणायचा अरे हा तर लिज्जतचा ससा! रामदास पाध्यांचा तो कुर्रम कुर्रम ससा आपल्या डोक्यात इतका बसलाय की तोंड हलवणारा कुठलाही प्राणी दिसला की ससाच, मग समोर हत्ती का असेना.

हळूहळू वाढदिवसांना, सोसायटीच्या गणपतीत, कुठे कुठे ऑर्डरी यायला लागल्या. एकेक, दोन दोन पीसच्या. धाकटी जाऊ मदतीला, ती हातशिलाई करते आणि ताई पॅटर्न आणि मशीन. फोम उल्हासनगरहून, फर आणि फ्लीस (ते मऊ लवीचं, ताणणारं कापड) मंगलदास मार्केटमधून, बारीकसारीक वेल्क्रो-इलॅस्टिक ठाण्याला जांभळी नाक्याला.

डोकं कसं बनतं ते थोडं सांगतो कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. १२ मिलिमीटर जाडीचा, ३२ डेन्सिटीचा फोम घ्यायचा, ब्राउन पेपरवर पॅटर्न काढायचा, त्यात कपड्याला टक्स घालतो तशा पाचरी कापायच्या आणि पाचरीच्या दोन्ही कडा एकमेकीला चिकटवल्या की सपाट शीट फुगून गोल होते. कापायचं ब्लेड कटरनेच, कात्रीने फोम दाबला जातो आणि कड तिरकी येते, मग जोडावर खड्डा पडतो तो कायमचा. चिकटवायला चपलावाले वापरतात ते सोल्युशन. दोन्ही बाजूंना पातळ हात मारायचा, थांबायचं, बोटाला तार येईनाशी झाली की कडा भिडवायच्या, आणि एकदा भिडल्या की मग सरकवता येत नाही. त्यावर फ्लीसची कातडी, उलटी शिवून सुलटी करून मोज्यासारखी चढवायची. तोंडाच्या आत पुठ्ठ्याच्या दोन पाकळ्या, मध्ये रेक्झिनची बिजागरी, वरच्या पाकळीत चार बोटं आणि खालच्यात अंगठा. आणि डोक्याच्या मागे कोपरापर्यंत बाही, जी प्राण्याची मान पण असते आणि अंग पण.

फर असेल तर अजून एक, कापड मागच्या बाजूनेच कापायचं, फक्त पाठीचं विणकाम कापलं गेलं पाहिजे, पुढची लव नाही, नाहीतर जोडावर न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखा पट्टा दिसतो. हे ताईंनी कुठे शिकलं नाही, एक कापड वाया घालवून कळलं.

ऑर्डर

ठाणे-बेलापूर पट्ट्यात चार शाखा असलेली एक प्लेग्रुपवाली शाळा. तिथल्या मॅडमना नवीन वर्षात 'आपली खाडी' असा विषय घ्यायचा होता. कल्पना मला तरी एकदम आवडली, कारण आपल्याकडे पपेट म्हटलं की सिंह, जिराफ, झेब्रा, जे मुलांनी राणीच्या बागेत पण सगळे बघितलेले नसतात, आणि इथे घरापासून रिक्षाच्या अंतरावर ठाणे खाडी आहे, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत, आणि पोरांना त्यातला एक प्राणी धड माहीत नाही. मॅडम स्वतः मोठ्या गटाला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन गेल्या होत्या, तिथून हे डोक्यात आलं.

पाच प्राणी ठरले. फ्लेमिंगो, खारफुटीतला सोनेरी कोल्हा, खेकडा, निवटी आणि बिबट्या. निवटीवर ताई अडून बसल्या होत्या, शेजारी कोळी कुटुंब आहे त्यामुळे निवट्या त्यांनी टोपलीत जिवंत बघितलेल्या, चिखलावर पंखांवर सरपटत जाणारा मासा, डोळे डोक्याच्या वर बसवलेले, म्हणजे पपेटसाठीच देवाने केलेला. बिबट्याचा खाडीशी काय संबंध विचारलं तर मॅडम म्हणाल्या येऊरच्या जंगलातला आहे ना, आणि बिबट्या नसेल तर पोरं बाकीच्यांकडे बघणार पण नाहीत. हेही खरंच.

चार शाखा गुणिले पाच, २० पीस. दर ९०० रुपये. ॲडव्हान्स ५,००० मिळाला. पहिला सेट जूनअखेर, बाकी तीन जुलैअखेर. लेखी काही नाही, व्हॉट्सॲपवर 'ओके ताई डन' एवढंच.

सॅम्पल म्हणून एप्रिलमध्ये कोल्हा केला होता. ताईंनी मॅडमच्या केबिनमध्ये स्वतःच्या हातात घालून बोलून दाखवला, मॅडम हसल्या, तिथल्या तिथे पास. हे वाक्य लक्षात ठेवा, ताईंनी स्वतःच्या हातात घालून दाखवला.

एक प्रश्न मॅडमनी बरा विचारला, की याला आयएसआय मार्क लागतो का. खेळण्यांना हा मार्क सक्तीचा करणारी सरकारची २०२० ची क्वालिटी कंट्रोल ऑर्डर १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि ती १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना लागते, त्यात हस्तकला विकास आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. ताईंची तेव्हा नोंदणी नव्हती. शेवटी असं ठरलं की ही टीचरच्या हातातली शिकवायची वस्तू, मुलांच्या हातात द्यायची नाही, आणि ताईंनी नोंदणीचा अर्ज करायचा. मला हा तोडगा थोडा कच्चा वाटला होता आणि अजूनही वाटतो, कारण दोन-अडीच वर्षांचं पोर समोर असलेल्या प्राण्याचं नाक धरणार नाही असं कोण म्हणेल. पण त्यातून एक चांगलं झालं, डोळ्यांचा विचार आधीच झाला. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटा भाग ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांडीत पूर्ण बसला की तो धोकादायक धरतात. म्हणून बटणांचे डोळे बाद. कोल्हा आणि बिबट्याला फेल्टचे डोळे शिवून टाकले, निवटीला टेबल टेनिसचा बॉल, तो ४० मिमीचा असतो, अर्धा कापला तरी तोंडाचा व्यास ४० च राहतो, आणि कडेला गरम सुईने भोकं पाडून चारही बाजूंनी टाके.

अडचण

पहिला सेट जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला. जुलै सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि मॅडमचा फोन. कोल्ह्याचा वरचा जबडा पुठ्ठ्यापासून सुटलाय, बिबट्याचा अर्धा सुटलाय, फ्लेमिंगोची चोच लोंबतेय. शिवाय सोल्युशनचा वास येतोय, एका पालकांनी विचारलं. ताईंचा चेहराच उतरला.

सगळ्यांचा संशय सोल्युशनवर. आणि तो खोटाही नव्हता. सॅम्पल एप्रिलच्या कोरड्या हवेत झालं होतं आणि हा सेट जून मध्यानंतर, पाऊस लागल्यावर. पावसाळ्यात काय होतं की सोल्युशनमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्याच्यावर बसते, पांढुरकी साय आल्यासारखं दिसतं, आणि त्या सायीवर दुसरी कड भिडवली की जोड वरवर पक्का वाटतो पण आतून धरलेला नसतो. ताई म्हणाल्या हो, साय आली होती, मला वाटलं नवीन डबा आहे म्हणून.

झालं, कारण सापडलं. तिन्ही पीस घरी आणले, जुनं खरवडलं, पंख्याखाली नीट वाळवत परत चिकटवले, अजिबात साय येऊ दिली नाही, परत पाठवले. आठवड्यात कोल्हा परत उचकटला.

इथे खरं तर गाडी थांबून विचार करायला हवा होता की खेकडा आणि निवटी का नाही उचकटले? खेकड्याचं सोडा, त्याला तोंडच नाही, दोन हातमोज्यांत बोटं घालून नांग्या हलवायच्या. पण निवटी? तोच डबा, तीच ओली हवा, तीच पाकळी, आणि शाळेत सगळ्यात जास्त वापर तिचाच होत होता कारण पोरांना ते वर आलेले डोळे फार आवडले होते. चूक सोल्युशनचीच असती तर सगळ्यात आधी निवटी फाटायला हवी होती.

हे कोडं सोडवलं जाऊबाईंनी. कोल्हा परत द्यायला त्या शाळेत गेल्या होत्या, मॅडम मीटिंगमध्ये म्हणून वर्गाच्या दाराशी थांबल्या. आत टीचर बिबट्या घेऊन गोष्ट सांगत होत्या, व्यवस्थित चाललं होतं. गोष्ट संपली, टीचरनी डाव्या हाताने बिबट्याचं नाक गच्च धरलं आणि उजवा हात ओढून बाहेर काढला. निघेना तेव्हा अजून जोरात. घरी येऊन ताईंना पहिलं वाक्य हे, "ताई, ते बोलताना नाही सुटत, काढताना सुटतं."

मग दोघींनी टेप घेऊन एकेक पीस मोजला. बाहीचा घेर मनगटाशी अरुंद. ताईंचा हात लहान, शिवायला बसताना बांगड्या काढून ठेवायची सवय, त्यामुळे त्यांच्या हातातून सुळकन निघायचा. टीचरच्या हातात बांगड्या, घड्याळ, एकीच्या हातात जाड कडं. बांगडी आत फोमच्या कडेला अडकायची, हात निघायचा नाही, मग माणूस धरणार कुठे तर पुढे आलेल्या नाकाला. आणि सोल्युशनचा जोड सपाट ओढाताण बऱ्यापैकी सहन करतो पण कडेपासून सोलल्यासारखं ओढलं की हळूहळू सुटत जातो. नाक धरून ओढणं म्हणजे जबड्याची कड सोलणंच.

आणि निवटी का वाचली त्याचं उत्तर तर अजून मजेदार. फ्लीस एका दिशेला जास्त ताणतं, काठापासून काठापर्यंत म्हणजे पन्ह्याच्या दिशेला. उभ्या दिशेला कमी. ताईंनी कापड वाचवायला पॅटर्न जसे बसतील तसे आडवे-उभे मांडले होते, तीन पीसच्या बाह्यांचा ताण लांबीच्या दिशेला गेला, घेर ताणतच नव्हता. निवटीची बाही राहिलेल्या तुकड्यातून काढली, तो तुकडा दुसऱ्या दिशेचा, म्हणून बाही ताणायची, हात पटकन निघायचा, नाक ओढायची वेळच यायची नाही. म्हणजे एक पीस बरोबर झाला तो केवळ कापड कमी पडलं म्हणून!

पर्याय काय काय होते

जुलैची दहा-बारा तारीख. हातात १५ पीसचा फोम कापून तयार, निम्म्यांच्या कातड्या पण शिवून झालेल्या. त्या रविवारी मी ऐरोलीला गेलो होतो, चहा घेता घेता तिघांनी बसून जे बोललो ते असं.

एक, पॅटर्न तोच ठेवायचा, फक्त चिकटवण्याची पद्धत सुधारायची आणि टीचरना सांगायचं की नाक धरू नका. सगळ्यात स्वस्त. जाऊबाई म्हणाल्या एवढ्या छोट्या पोरांच्या गोंधळात कोणाच्या लक्षात राहणार आहे, आणि टीचर बदलतात. माझंही मत तेच, नाटकात पण नटाला 'जपून' सांगितलेला कपडा पहिल्या प्रयोगाला फाटतो.

दोन, फोमच काढून टाकायचा. साधे तीन बोटांचे हातमोजा पपेट, आत फायबर, तोंड न उघडणारे. धुता येतात, वास नाही, सोल्युशनच नाही. ताईंना हे फार पटत होतं कारण डोक्याला शांतता. पण मॅडमनी पैसे बोलणाऱ्या तोंडाचे दिले होते आणि भाषेच्या तासाला टीचर त्या तोंडानेच 'आ, ई, ऊ' करून दाखवत होत्या. ते काढलं तर ऑर्डरच वेगळी झाली.

तीन, काम बाहेर सॉफ्ट टॉय करणाऱ्या कारखान्यात द्यायचं. चौकशी केली, २० पीससाठी कोणी मशीनवर पॅटर्न चढवायला तयार नाही. विषय संपला.

चार, ॲडव्हान्स परत देऊन हात जोडायचे. ५,००० मधले बहुतेक सामानात गेलेले.

पाच, तोंड आणि बाही दोन्ही नव्याने आखायचं, तयार कातड्यांतल्या जेवढ्या वाचतील तेवढ्या वाचवायच्या, आणि मुदत वाढवून मागायची.

पाचवा निवडला हे उघड आहे, पण अडलं होतं ते मुदत मागण्यावर. ताईंचं म्हणणं होतं की मॅडमना काही सांगायचं नाही, गुपचूप रात्री जागून ३१ जुलैला सगळं द्यायचं, नाहीतर बाजारात नाव जाईल. जाऊबाईंचं म्हणणं उलटं, की तीन पीस परत आलेत, कोल्हा तर दोनदा, नाव काय जायचं ते गेलंय, आता निदान कारण तरी कळू दे त्यांना. या घरात सहसा मोठीचं चालतं. त्या दिवशी धाकटीचं चाललं.

काय केलं

फोन ताईंनीच केला, स्पीकरवर. गुळमुळीत काही नाही, कारण सांगितलं, घेर कमी आहे, बांगडी अडकते, नाक ओढलं जातं, जोड सुटतो, मला सगळ्या टीचरच्या हातांचं माप हवंय आणि तीन आठवडे जास्त हवेत. मॅडम आधी चिडल्या, मग म्हणाल्या बरं झालं बाई सांगितलंत, मला वाटलं आमच्या टीचरच आपटतायत. फ्लेमिंगो नंतर दिला तरी चालेल असंही त्याच म्हणाल्या, कारण बहुतेक फ्लेमिंगो पावसाळ्यात इथे नसतात, थंडीत येतात, तेव्हाच तो शिकवू.

माप घेताना ताईंनी ब्राउन पेपरचे तुकडे शाळेत पाठवले, प्रत्येक टीचरने हात ठेवून पेन्सिल फिरवायची आणि अंगठा आत दुमडून सगळ्यात जाड जागेचा घेर टेपने लिहायचा, बांगड्यांसकट. सगळ्यात मोठं माप धरून बाही, सगळ्यात लहान हात धरून बोटांचे खिसे, आणि खिशांना इलॅस्टिक, म्हणजे लहान हाताला तोंड सैल पडत नाही. हा फरक साधा वाटतो पण तोंड सैल असलं की खालचा जबडा पडण्याऐवजी अख्खं डोकं वर उडतं आणि प्राणी बोलतोय न वाटता चावतोय वाटतं.

बाहीच्या पॅटर्नवर जाड मार्करने बाण, ताण या दिशेला. कापड कितीही वाया गेलं तरी बाण फिरवायचा नाही. मानेच्या मागे जीन्सच्या कापडाची एक रुंद पट्टी, जिचं दुसरं टोक आत थेट तोंडाच्या पाकळीच्या कापडाला शिवलेलं, म्हणजे पपेट काढताना धरायला जागा मिळाली आणि ओढ जबड्याच्या कडेला न जाता शिवणीवर जाते. शाळेत देताना कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, पट्टी दिसली की हात आपोआप तिकडे जातो.

तोंडाचं मुख्य काम हे, की जिथे हालचाल आहे तिथलं चिकटवणं बंद. पुठ्ठ्याऐवजी सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकची हलकी कडक शीट, कारण हाताच्या घामाने पुठ्ठा नरम पडत होता. दोन्ही पाकळ्यांवर लाल कापड चढवलं, मध्ये बिजागरी जीन्सची, आणि त्या लाल कापडाची कड बाहेरच्या कातडीला ओठांच्या रेषेवर सगळीकडून हाताने शिवून टाकली, दुहेरी दोऱ्याने, बारीक टाके. आत फोम सनबोर्डला चिकटवलेला आहे पण तो आता फक्त जागेवर राहण्यापुरता, भार सगळा दोऱ्यावर. डोक्याच्या पाचरी मात्र सोल्युशननेच, तिथे काही हलत नाही आणि शिवली तर फोमला दोरा कापतो.

सोल्युशनचं पण वेळापत्रक बदललं. पाऊस थांबलेल्या दुपारी, पातळ हात, खिडकी उघडी, पंखा चालू, स्वयंपाकघरापासून लांब. हे शेवटचं वाचून सोडू नका, ते द्रावण भडकन पेट घेतं, आणि ओल घालवायला ओल्या सोल्युशनवर हेअर ड्रायर मारायचा सल्ला बऱ्याच व्हिडिओंत असतो तो ताईंनी ऐकला नाही तेच बरं. चिकटवलेली डोकी कातडी न चढवता चार-पाच दिवस दोरीवर टांगून ठेवायची म्हणजे वास जातो. घरात शिरलं की मुंडक्यांची रांग, पोस्टमन दचकला होता.

वेळ वाचवायला बिबट्याचे ठिपके रंगवणं सोडलं आणि बिबट्या प्रिंटचं आखूड लवीचं कापड आणलं. थोडा नकली दिसतो. ताईंना अजून ते खुपतं, मुलांना शष्प फरक पडला नाही.

पक्कं झालंय का बघायला पुतण्याला कामाला लावलं. जाऊबाईंच्या बांगड्या घालून टीव्ही बघता बघता प्रत्येक तोंडवाला पीस ५० वेळा घाल-काढ. एका कोल्ह्याची ओठाची शिवण विसाव्या-पंचविसाव्या वेळेला उसवली, बघितलं तर कोपऱ्यात टाके लांब पडले होते. बाकी टिकले.

फ्लेमिंगोचं वेगळं

याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण डिझाइन म्हणून हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर झाला. अडचण फक्त चोचीची नव्हती, मानेची होती. मान लांब आणि बाकदार, त्यात माणसाचा हात म्हणजे सरळ दांडा. ताईंनी आधी हाताच्या पुढे फोमची वळवलेली मान जोडली होती आणि तिच्या टोकाला डोकं, पण १२ मिमी फोमला ते वजन पेलेना, दोन मिनिटांत मान वाकायची आणि टीचरचा खांदा भरून यायचा.

४० डेन्सिटीचा फोम करून बघितला, मान उभी राहिली पण वजन वाढलं. आत तार घालायचा विचार आला आणि लगेच सोडला, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर तार नको. शेवटी ताईंनी उलटा विचार केला, म्हणजे हातालाच मान करायचं, मनगट हाच बाक, पंजा हे डोकं, आणि पक्ष्याचं अंग कोपरापाशी फ्लीसच्या हलक्या फुग्यासारखं टांगायचं, पाय नुसते लोंबते. फोम फक्त डोक्यात.

आणि मग एक गंमत निघाली. खरा फ्लेमिंगो खाताना डोकं खाली घालून चोच उलटी करून पाण्यात फिरवतो, वरची चोच खाली आणि खालची वर. टीचरने मनगट वळवून हात खाली नेला की पंजा आपोआप उलटा होतो आणि बरोबर तसंच दिसतं, जे फोमच्या मानेत कधीच झालं नसतं. मॅडमनी निळी ओढणी टेबलावर पसरून खाडी केली म्हणे. रंगाबद्दल पण बोलणं झालं होतं, आपल्या खाडीत जास्त करून छोटे फ्लेमिंगो, त्यांची चोच गडद लाल-काळपट असते, गुलाबी चोच आणि टोकाला काळा रंग तो मोठ्याचा. ताईंनी आधी नेटवरचा फोटो बघून मोठ्याची केली होती, दोन्ही ठेवायचं ठरलं, दोन शाखांना छोटा आणि दोन शाखांना मोठा.

निकाल

फ्लेमिंगो सोडून १६ पीस ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गेले, त्यात पहिल्या सेटचे चार दुरुस्त करून. फ्लेमिंगो दिवाळीनंतर. वर्ष संपताना मॅडमनी सांगितलं ते असं, तोंडं सगळी शाबूत, एक निवटीचा बॉल पायाखाली येऊन चेपला आणि तडकला, एका खेकड्याची नांगी कोणीतरी घरी नेली ती आलीच नाही.

पैशांचं मात्र गणित बसलं नाही. सामान पीसमागे आधी अडीचशेच्या आसपास पडत होतं ते तीनशेच्या वर गेलं, आणि ओठांची हातशिलाई म्हणजे जाऊबाईंचा पीसमागे तासभर जास्त. दर तोच ९००. दुरुस्त्या फुकट. दोघींनी मिळून जेवढे महिने घातले ते धरले तर ब्लाउज शिवले असते तर जास्त मिळाले असते, हे जाऊबाईंचं वाक्य आहे, माझं नाही. पण त्याच शाळेच्या ओळखीतून ठाण्याच्या एका शाळेची चौकशी आली आणि तिथे ताईंनी दर १,२०० सांगितला आणि तो मान्य झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सॅम्पल दाखवणाऱ्याने हातात घालायचंच नाही. ज्याला वापरायचंय त्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसून बघायचं, घालताना, बोलताना आणि मुख्य म्हणजे काढताना. एप्रिलमध्ये मॅडमनी एकदा जरी स्वतः हात घातला असता, बांगड्यांसकट, तर तिथेच कळलं असतं. ताईंना आता हे इतकं पटलंय की ग्राहकाने "नको तुम्हीच दाखवा" म्हटलं तरी ऐकत नाहीत.

पहिली दुरुस्ती करायच्या आधी, न बिघडलेले पीस पण परत मागवायला हवे होते. बिघडलेल्या तिघांकडे बघून सोल्युशनच दिसत होतं. निवटी टेबलावर शेजारी असती तर कदाचित तेव्हाच बाहीवर नजर गेली असती आणि एक फेरी वाचली असती.

फुकट दुरुस्तीबद्दल माझं आणि ताईंचं पटत नाही. त्या म्हणतात माझ्या घेराची चूक, पैसे कसे मागू. मी म्हणतो पहिली दुरुस्ती फुकट ठीक, पण ऑर्डर घेतानाच लिहून घ्या की किती महिने, कशाकशाची, चेपलेला बॉल त्यात येतो का. ठाण्याच्या शाळेला त्यांनी व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून पाठवल्या, त्यात ॲडव्हान्स निम्मा, एवढं तरी झालं. हस्तकलेच्या नोंदणीचा अर्जही आता भरलाय.

पावसाळ्यात फोमचं काम घ्यायचंच नाही हा जाऊबाईंचा नियम मला जरा टोकाचा वाटतो. शाळा जूनला सुरू होतात, ऑर्डरी तेव्हाच येणार. त्यापेक्षा मे महिन्यात डोकी चिकटवून ठेवायची आणि पावसात फक्त शिवण, हे जमण्यासारखं आहे, फक्त मे मध्ये सामानाला पैसे अडकवायची तयारी हवी आणि ती त्यांच्याकडे अजून नाही.

राहिलेला प्रश्न धुण्याचा. फोमचं डोकं पाण्यात घालता येत नाही, वाळायला दिवस जातात आणि आत बुरशी धरते, आणि बाही तर वर्षभरात काळी कुळकुळीत झाली. ठाण्याच्या ऑर्डरसाठी ताई बाही सुटी करतायत, डोकं वेगळं बाही वेगळी. वेल्क्रो लावून बघितला तर तो फ्लीसची लव उपटतो, चार वेळा काढलं की गोळे येतात. प्रेस बटणं लावली तर ती ३१.७ च्या नळकांडीत आरामात जातात, म्हणून आता बटणं बाहीच्या आतल्या पट्टीत, वरून कापडाचा झाकणपट्टा शिवून, असं चाललंय. सॅम्पल झालंय. या वेळी ते ठाण्यातल्या टीचरकडे आठवडाभर राहायला दिलंय.